लाल कापडाचे कृष्णधवल फोटो

दुसऱ्याच्या आईच्या मयताची वाट लावणं फार थोड्या लोकांना जमतं. मला जमलं, आणि तेही अतिशय मनापासून, तयारी करून, दोन पुस्तकं वाचून.

गोष्ट जर्मनीतल्या र्युसेल्सहाइमची. तिथल्या एका छोट्या कंपनीत मी गाड्यांच्या दारांना लागणारी रबरी सील तयार करायचो. तयार करायचो म्हणजे कॉम्प्युटरवर. ती सील खरोखर पाणी अडवतात की नाही, हे पाहायचं काम माझ्या मित्राकडे होतं. तो घानाचा, कुमासी शहरातला. मोठ्या बंद खोलीत गाडी उभी करून तिच्यावर चारी बाजूंनी पाण्याचा मारा करायचा आणि मग आत शिरून बॅटरीच्या उजेडात पायाखालचं कार्पेट हाताने चाचपायचं, हे त्याचं काम. बाहेर येऊन तो मला फोन करायचा.

"हेर इंजेनियर, अभिनंदन. तुझ्या गाडीत आता मासे पाळता येतील."

अशी आमची मैत्री. माझ्या चुका सापडणं हाच तिचा पाया होता, हे आता लक्षात येतं.

एका जानेवारीत त्याची आई गेली. त्याने मला सांगितलं ते कँटीनमध्ये, सूपचा चमचा खाली ठेवून. मी विचारलं, "कधी निघतोस?" तो म्हणाला, निघता येत नाही. त्याचे राहण्याच्या परवानगीचे कागद नूतनीकरणासाठी आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत होते. ते हातात येण्याआधी देश सोडला तर परत यायची खात्री नव्हती, आणि इथे बायको होती, मुलं होती. आईला सहा आठवडे शवागारात ठेवणार होते, सगळे नातेवाईक जमेपर्यंत. तेवढ्यात कागद आले तर ठीक.

"सहा आठवडे?" मी म्हणालो. "आमच्याकडे त्याच दिवशी उरकतात."

"त्याच दिवशी? एवढी घाई कसली?"

मी त्याला हवामान समजावून सांगितलं. उष्ण देश, शरीर टिकत नाही वगैरे.

"आमच्याकडे पण गरमच असतं," तो म्हणाला.

कागद आले नाहीत. आईला पुरलं, आणि तो त्या दिवशी माझ्या सीलवर पाणी मारत होता. मग त्याने ठरवलं, इथे हॉल घ्यायचा आणि इथल्या घानाच्या लोकांना बोलावून आईचा शोकसमारंभ करायचा. त्यांच्यात तसं करतात. पण खरा प्रश्न त्याच्या मामाचा होता. त्यांच्यात माणूस आईच्या घराण्याचा, रक्त आईकडून येतं, आणि घराण्याचा प्रमुख मामा. मामाने फोनवर सांगितलं होतं, "तुला येता येत नाही, कळलं. पण तू तिथे तिच्यासाठी काय केलंस ते मला दाखव. कोण आलं, कोण नाचलं, कोण रडलं. सगळ्या घराण्यासमोर मी अल्बम उघडणार आहे." चर्चमधली एक बाई तीन आठवड्यांनी कुमासीला जाणार होती, तिच्याबरोबर अल्बम पाठवायचा होता. अल्बम नीट झाला तर तो आईचा मुलगा. नाही झाला तर आयुष्यभर 'आई गेली तेव्हा जर्मनीत बसून राहिलेला'.

असा माणूस मला चांगला माहीत होता. मी रोज सकाळी त्याची दाढी करायचो.

दोन वर्षांपूर्वी माझी आई सांगलीत वारली होती. ते पुढे येईलच. तूर्त एवढंच सांगतो, की मित्राने "तुझ्याकडे तो मोठा कॅमेरा आहे ना?" असं विचारलं तेव्हा मी इतक्या जोरात हो म्हणालो, की शेजारच्या टेबलावरचे जर्मन वळून बघायला लागले.

कॅमेरा म्हणजे माझी त्या काळातली प्रौढी. डिजिटल कॅमेरे नुकतेच आवाक्यात आले होते. मी गावातल्या फोटोक्लबात जायचो. तिथे निवृत्त जर्मन गृहस्थ एकमेकांच्या बदकांच्या फोटोंवर अर्धा अर्धा तास बोलत. मला वाटलं, इथे आपण काहीतरी सखोल आणू. पश्चिम आफ्रिकेतला शोक. मृत्यूविषयीच्या श्रद्धा. मी लायब्ररीतून दोन जाडी पुस्तकं आणली, वही केली. माणूस मेल्यावर प्रवासाला निघतो, पूर्वजांकडे जातो, म्हणून रडताना त्याच्याबरोबर आधी गेलेल्यांना निरोप पाठवतात, असं त्यात लिहून घेतलं. प्रदर्शनाचं नावसुद्धा ठरवून टाकलं, 'मौनाचे चेहरे'. ते जर्मनमध्ये आणखी गंभीर वाटायचं.

बायको भाजी निवडत होती. "अहो, तुम्ही लोकांच्या मयताला कॅमेरा घेऊन जाणार?"

"त्यांच्यात चालतं. बोलावलंय मला."

"त्यांच्यात चालत असेल हो. तुम्हाला स्वतःच्या—" एवढं बोलून ती थांबली आणि मेथी पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागली. आमची मुलगी टीव्हीसमोरून जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, तिथे लोकांना म्हणू नकोस की हसा."

मी ठरवलं, सगळं कृष्णधवल काढायचं. मरणाला रंग शोभत नाहीत, असं मला वाटायचं. कॅमेऱ्यातच तशी सोय होती. रंगीत मूळ प्रत ठेवायचीही सोय होती, पण मेमरी कार्ड पुरावं म्हणून मी ती बंद केली. हे वाक्य मी आज शांतपणे लिहितोय. तेव्हा आठवडाभर मला ते घशाखाली उतरत नव्हतं.

शनिवारी दुपारी हॉलच्या दारात पोचलो तेव्हा पहिली गोष्ट कळली, ती म्हणजे मौन तिथे नव्हतं. भिंतीएवढे स्पीकर होते, ढोल होते, स्वयंपाकघरातून भाताचा आणि तिखटाचा वास येत होता. मंचावर आईचा पुरुषभर उंचीचा फोटो, भोवती दिव्यांची माळ. पुरुषांनी एका खांद्यावरून कापड घेतलेलं, बायका नखशिखांत एकाच रंगात. आलेला प्रत्येक जण रांगेत बसलेल्या घरच्यांशी उजवीकडून सुरू करून एकेकाशी हात मिळवत होता. एक बाई फोटोसमोर उभी राहून मोठ्याने बोलत होती, जणू स्टेशनवर कोणाला पोचवायला आलीय. मित्राने भाषांतर केलं, "म्हणतेय, तिथे माझी आई भेटली तर सांग, गुडघा आता बरा आहे."

हे सगळं सांभाळत होती आंटी. मित्राच्या आईची चुलत बहीण, फ्रँकफुर्टला केस विणायचं दुकान चालवणारी, साठीची, आवाजाने स्पीकरला हरवणारी. सगळे तिला आंटीच म्हणत. तिने माझा ताबा घेतला.

"तो रडतोय, त्याचा काढ!"

मी कॅमेरा खाली केला. रडणाऱ्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा धरायचा? आमच्याकडे कोणी असं केलं असतं तर त्याला बाहेर काढलं असतं. मी आदरपूर्वक त्याच्या गुडघ्यावरच्या हाताचा फोटो काढला.

"ही बघ, ही हॅम्बुर्गहून आलीय, हिचा काढ!" मी तिच्या रिकाम्या खुर्चीचा काढला. खुर्चीवर उजेड फार सुंदर पडला होता.

"तू भिंतीचे काय फोटो काढतोस?" आंटीने विचारलं. मी मंद हसलो. तिला रचना कळत नव्हती, असं मला वाटलं. देवा.

मग मित्र उठला आणि आईच्या फोटोसमोर नाचला. सावकाश, पायांपेक्षा हातांनी. हात पुढे पसरायचा, मग डोक्यावर ठेवायचा, म्हणजे मी उघडा पडलो, असा अर्थ, हे मी पुस्तकात वाचलं होतं. वाचलं होतं, पण तो नाचताना रडत होता आणि त्याचा चेहरा माझ्याकडेच होता. मी पटकन वाकलो आणि त्याच्या चपलांचा फोटो काढला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी लॅपटॉप उघडला. एकशे ऐंशी फोटो. हात गेले, खुर्च्या गेल्या, वाफाळतं पातेलं गेलं.

"हे कोण?"

"आंटी. पाठमोरी."

"आंटी मला पाठमोरी ओळखता येते. मामाला येणार नाही." पुढच्या फोटोवर तो थांबला. "हे रंग अजून लोड व्हायचेत का?"

मी म्हणालो, हे असंच आहे. कृष्णधवल. शोकाचं.

"शोकाचा रंग लाल असतो," तो म्हणाला. "आम्ही घरचे सगळे लाल नेसलो होतो. बाकीचे काळं. तू बघितलं नाहीस?"

बघितलं होतं. पण फोटोत लाल आणि काळं दोन्ही एकाच गडद करड्या रंगाचं झालं होतं. आईचा मुलगा कोण आणि हॅम्बुर्गहून आलेली पाहुणी कोण, काही ओळखू येत नव्हतं. मामा अल्बम उघडून घराण्याला काय दाखवणार होता? चपला?

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता "आल्झो", म्हणजे 'बरं तर', म्हणाला आणि ट्रे उचलून गेला.

मी त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या संध्याकाळी कॉम्प्युटरवर बसून हाताने लाल रंग भरला. जे कोण लाल होते असं मला आठवत होतं, त्यांना लाल केलं. त्यात चर्चचे पाद्रीही निघाले. बायको मागून बघत होती. "अहो, ही काय रंगपंचमी चाललीय?"

बुधवारी आंटीचा फोन आला. मी माफी मागायला लागलो, तर तिने ती मध्येच तोडली. "रविवारी चर्चनंतर सगळे पुन्हा येणार. तेच कपडे घालून. तू पण ये. आणि त्या कॅमेऱ्याला सांग, रंग म्हणजे काय ते."

"पण सगळे पुन्हा... रडणार कसे?"

"रडू येईल. आई काय एकाच दिवसापुरती मरते?"

चर्च होतं औद्योगिक वसाहतीत, टायरच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर. हॉल पुन्हा मिळाला नव्हता, त्यामुळे सगळं खालच्या पार्किंगमध्ये. कडक ऊन आणि हाडं गोठवणारी थंडी. साठ-सत्तर माणसं लाल आणि काळ्या कापडांवर जाडजूड जॅकेटं घालून उभी होती. दोन तरुण आईचा तो मोठा फोटो जिन्यावरून खाली घेऊन आले आणि टायरच्या ढिगाला टेकवून ठेवला. मी ओरडायचो, "आता जॅकेटं काढा!" सगळे काढायचे, मी फटाफट चेहरे टिपायचो, "घाला!" म्हणालो की सगळे परत आत. कोणीतरी म्हणालं, आईच्या मरणात एवढा व्यायाम पहिल्यांदाच झाला. आणि मग, कसं कोण जाणे, त्या जॅकेटं काढण्या-घालण्यातून खरंच ढोल सुरू झाला. गुडघा बरा असलेल्या बाईने पुन्हा निरोप सांगितला, या वेळी वाढवून. मित्र नाचला. हात डोक्यावर ठेवला. मी चेहरा काढला. पूर्ण, समोरून, रंगीत.

कुत्रा फिरवायला आलेल्या एका म्हाताऱ्या जर्मन गृहस्थांनी विचारलं, "लग्न आहे का?"

"नाही, माझ्या आईचा शोक," मित्र म्हणाला. "दुसऱ्यांदा."

गृहस्थांनी टोपी काढली, कुत्र्याला बसवलं आणि ते मित्राशी हात मिळवून गेले. त्यांचाही फोटो अल्बममध्ये आहे.

मला वाटलं, संपलं. मी लेन्सचं झाकण शोधत होतो. आंटी शेजारी येऊन उभी राहिली. "तुझी आई आहे?"

"नाही. दोन वर्षं झाली."

"तिच्या त्या दिवसाचे फोटो?"

मी माझं नेहमीचं उत्तर दिलं. ते इतक्यांदा दिलं होतं, की त्याला मी स्वतःच फसायचो. कंपनीत अगदी महत्त्वाचा आठवडा होता, सोडलं नाही, मी बाराव्या दिवशी पोचलो. आंटीने माझ्या खांद्यावरून मित्राकडे बघितलं. तो त्याच कंपनीतला. मी वळलो. तो खाली टायरकडे बघत होता. त्या आठवड्यात मी रोज त्याच्या पाण्याच्या चेंबरमध्ये येत होतो आणि आमच्या साहेबाने त्याच्यासमोरच मला म्हटलं होतं, "अहो, तुम्ही अजून इथे? घरी जा." दोन वर्षं तो हे पोटात ठेवून मला माशांचे विनोद सांगत होता.

मग मी सांगितलं. भाऊ फोनवर म्हणाला होता, "दादा, थांबवू का? एक दिवस थांबता येईल." मी म्हणालो होतो, "नको, आईचे हाल नकोत." सगळ्यांना ते फार समंजस वाटलं. खरं कारण एवढंच, की मला तिला तसं बघायची भीती वाटली. मोठा मुलगा मी, अग्नी धाकट्याने दिला. दहाव्याला कावळा म्हणे लगेच शिवला, आईची कसलीच इच्छा राहिली नव्हती. ते ऐकून सगळ्यांना बरं वाटलं, आणि मला दोन वर्षं खटकत राहिलं, की म्हणजे माझी वाटसुद्धा पाहिली नाही का. ही तक्रार करणारा मीच, जो निघालाच नव्हता.

हे सगळं माझ्या मोडक्या जर्मनमध्ये, टायरच्या ढिगाशेजारी. क्रियापदं कुठेही पडत होती.

आंटीने माझं सांत्वन वगैरे केलं नाही. तिने स्वतःच्या अंगावरचं वरचं लाल कापड काढलं आणि माझ्या जॅकेटवरून गुंडाळायला लागली.

"लाल? मी तर पाहुणा."

"आई गेलेला आहेस ना? सरळ उभा राहा." तिने माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून घेतला. "कुठलं बटण?"

मित्र येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. मी आंटीला सांगत होतो, ते अर्धं दाबून आधी फोकस होऊ दे, ऊन पाठीमागे घे, आणि सांगता सांगता माझा आवाज फुटला. मला वाटलं होतं, माणूस रडतो तेव्हा मान खाली जाते, खांदे हलतात, काहीतरी रचना असते. मी तोंड उघडं टाकून रडलो, नाक वाहत, थेट कॅमेऱ्यात बघत. आंटीने एकामागून एक फोटो काढले. मित्राचं डोकं सगळ्यांत कापलंय.

घरी बायकोला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "मला काय माहीत नव्हतं?" आणि पोळ्या लाटत राहिली. मग भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, मी बर्फ सांगून ठेवला होता. तुझ्या फोननंतर परत पाठवला." एवढंच. मग मुलीच्या शाळेचं विचारलं.

अल्बम कुमासीला गेला. प्रदर्शनाचा विषय मी क्लबात पुन्हा काढला नाही. कोणी विचारलंच तर बदकांकडे वळायचं ठरवलं होतं, पण कोणी विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी मित्राने मला चेंबरपाशी बोलावलं. मला वाटलं, पुन्हा मासे. तो पाण्याच्या पंपापाशी कानाला मोबाईल लावून उभा होता. फोन छातीशी दाबून मला म्हणाला, "मामा आहे. अल्बम घराण्यासमोर उघडला. एकेक चेहरा मोजला. म्हणाला, माझ्या बहिणीला मुलगा आहे."

मी पंपाला टेकलो.

"पण विचारतोय, हॉलमध्ये एवढं ऊन कसं?"

"मग?"

"मी सांगितलं, खिडक्या मोठ्या होत्या." तो हसला. "आणि विचारतोय, हा लाल नेसलेला, सगळ्यांत घाणेरडा रडणारा कोण? मी म्हणालो, फोटो काढणारा. तर म्हणतो, मग फोटो कोणी काढला?"

"सॉरी. तो फोटो अल्बममध्ये जायला नको होता."

"आंटीनेच घातला. मी मामाला सांगितलं, त्याचीही आई गेलीय. तर तो म्हणतो, माझ्या बहिणीसाठी मी पेय जमिनीवर ओतणार आहे, गेलेल्यांना नावाने हाक मारायची असते. त्याच्या आईचंही घेतो. नाव काय?"

आमच्या घरात दोन वर्षं ती 'आई' होती, 'सासूबाई' होती, मुलीची 'ओमा' होती, फॉर्मवर 'मयत' होती. तिचं नाव मी मोठ्याने कधी घेतलं होतं, ते आठवेना.

मग घेतलं. मित्राने ते म्हणून पाहिलं आणि चुकवलं. मी दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा बरं आलं, पण शेवट लांबवला. त्याने फोन कानाला लावून मामाला सांगितलं, आणि पलीकडून ते नाव पुन्हा वेगळंच होऊन आलं असावं, कारण त्याने भुवया उंचावून फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी ते सावकाश, एकेक अक्षर सोडवून सांगितलं. काचेपलीकडे गाडीवर पाणी कोसळायला लागलं होतं, त्यामुळे पुन्हा सांगावं लागलं, चांगलं मोठ्याने.